सोप्या इंग्रजी शब्दांचे न संपणारे अर्थ

ओघवती

गेली नऊ वर्षं मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. अवघड शब्दांनी मला फारसं कधी अडवलं नाही. ‘फोटोसिंथेसिस’ म्हटलं की ‘प्रकाशसंश्लेषण’, कोश उघडला की काम झालं. अडवतात ते ‘रन’, ‘टेक’, ‘सेट’, ‘फाइन’, ‘इश्यू’ असले शब्द. ते आपण शाळेत इतक्या लवकर शिकलेले असतो की त्यांच्यासाठी कोश उघडावा असं मनातही येत नाही.

धागा काढायचं कारण मागच्या महिन्यातलं आहे. एका लेखात ‘सँक्शन्स’ हा शब्द आला. कर्ज सँक्शन होतं, रजा सँक्शन होते, हे कानात इतकं बसलेलं की मी ‘मंजुऱ्या’ लिहून पुढे गेले. लेख होता एका देशावर लादलेल्या आर्थिक निर्बंधांबद्दल. म्हणजे वाक्याचा अर्थ बरोबर उलटा झाला. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंच्या नजरेस आलं, म्हणून छापून गेलं नाही. मला खरा त्रास याचा झाला की दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. ठाऊक असूनही पहिला आला तोच हात धरून बसला.

तेव्हापासून अशा शब्दांची वही केली आहे. सगळ्यात मोठं पान ‘रन’चं. माणूस रन करतो तेव्हा धावतो, नदी वाहते, नाक गळतं, कपड्याचा रंग जातो, यंत्र चालतं, रस्ता उत्तरेकडे जातो, मोजा उसवतो, आणि एखादा गुण घराण्यात उतरत येतो. संस्था ‘रन’ करणारा ती चालवतो. अमेरिकेत निवडणूक लढवणारा ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तोच ‘स्टँड’ करतो. आपणही निवडणुकीला ‘उभे’च राहतो!

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत बरीच वर्षं सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ची होती. १९२८ साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीतही आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही. पुढे संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला घेतली. एका शब्दासाठी त्यांना नऊ महिने लागले आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले.

तुम्हाला कोणत्या शब्दांनी फसवलं, आणि तुम्ही असे अर्थ लक्षात कसे ठेवता, दोन्ही लिहा.

पानगळ

‘गेट’. मिळणे, होणे, पोचणे, समजणे, आणणे, आजारी पडणे. मी शेवटी त्याचा अर्थ शोधणं सोडून दिलं, पुढचा शब्द बघते.

जुनाविद्यार्थी

छान विषय. मला कायम पडलेला प्रश्न विचारून घेतो. ‘फास्ट’ म्हणजे वेगवान, आणि ‘फास्ट’ म्हणजे उपास. या दोघांचा काही संबंध आहे, की योगायोगाने आवाज जुळला? आणि ‘बँक’ म्हणजे पैशांची पेढी आणि नदीचा काठ, हेही तसंच का?

नानार्थ

जुनाविद्यार्थी, तुमचे प्रश्न या विषयाच्या अगदी मुळावर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकच रूप आणि अनेक अर्थ दिसले की दोन शक्यता असतात. एक, शब्द मुळात एकच असून त्याला फांद्या फुटल्या. दुसरी, वेगवेगळे शब्द झिजत झिजत एकाच रूपाला येऊन मिळाले. पहिल्या प्रकाराला फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये ‘पॉलिसेमी’ हे नाव दिलं, आपण अनेकार्थता म्हणू. कोशात पहिल्याची नोंद एकच असते, आत १, २, ३ असे अर्थ. दुसऱ्या प्रकारात नोंदीच वेगळ्या.

‘फास्ट’ पहिल्या प्रकारातला. मूळ अर्थ ‘घट्ट, पक्का’. न जाणारा रंग ‘फास्ट’ असतो, गाढ झोपलेला माणूस ‘फास्ट अस्लीप’ असतो, तो हाच पक्केपणा. स्वतःला घट्ट आवरून धरणं म्हणजे उपास. (सकाळी तो मोडायचा, म्हणून ‘ब्रेकफास्ट’.) वेगाचा अर्थ उशिरा आला. नेटाने, जोर लावून धावणं म्हणजे ‘फास्ट’ धावणं, आणि मग नेट मागे पडून वेग तेवढा उरला. म्हणजे जागचा न हलणारा आणि सुसाट जाणारा, दोघांना एकच शब्द, आणि दोघांमधली वाट अखंड दिसते.

‘मीन’ दुसऱ्या प्रकारातला. ‘मनात असणे, अर्थ असणे’ हा एक जुना इंग्रजी शब्द. ‘हलकट, कंजूष’ हा दुसरा जुना इंग्रजी शब्द, ज्याचा मूळ अर्थ ‘सर्वसामान्य, सामाईक’ होता. आणि गणितातली ‘सरासरी’ फ्रेंचमधून आलेली, तिचं मूळ लॅटिनमध्ये ‘मधला’ या अर्थाच्या शब्दात. तीन गावांहून आलेले तीन पाहुणे एकाच नावाने हाक मारली की ओ देतात.

माझा सगळ्यात आवडता ‘साउंड’. आवाज हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. ‘धडधाकट, भक्कम’ हा मूळचा जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन यांच्या कुळातला. दोन भूभागांमधली सामुद्रधुनी हा तिसरा, त्याचं नातं पोहण्याशी. पाण्याची खोली मोजणं हा चौथा, पुन्हा फ्रेंचमधून. आणि आवाजाच्या ‘साउंड’मधला शेवटचा ‘ड’ मुळात नव्हताच, तो बोलता बोलता मागाहून चिकटला. तो चिकटला नसता तर हा शब्द बाकीच्यांत मिसळलाही नसता.

‘बँक’ची गंमत अशी की ती या दोन्ही खणांत नीट बसत नाही. पेढी इटालियनमधून आली, सराफ ज्या बाकावर पैसे मांडून बसत त्या बाकाचं नाव. काठ आला उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून. पण दोघांचं खूप मागचं मूळ एकच, बाकासारखा उंचवटा. एकाच घरातले दोन भाऊ लहानपणी ताटातूट होऊन म्हातारपणी एका गावात राहायला यावेत, तसं झालं आहे.

ओघवती

नानार्थ, ‘मीन’ तीन वेगळे शब्द आहेत हे मला आज कळलं. आमच्या गणिताच्या वर्गात ‘मीन व्हॅल्यू’ ऐकल्यावर कित्येक दिवस मला ते ‘हलकी किंमत’ वाटायचं. पण ‘फाइन’चं काय? दंड आणि उत्तम?

नानार्थ

तो एकच आहे. मूळ लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट. शेवटपर्यंत नेलेलं, म्हणून तयार, घोटलेलं, म्हणून उत्तम आणि बारीक. दुसऱ्या बाजूला, तंटा संपवण्यासाठी द्यायची रक्कम म्हणजे ‘फाइन’. ‘फिनिश’ आणि ‘फायनल’ तर उघडच त्या घरचे आहेत, पण ‘फायनान्स’ही तिथलाच, देणं फेडून व्यवहार संपवणं या अर्थाने.

आणि आपला ‘दंड’ बघा. काठी, बाहूचा वरचा भाग, शिक्षा म्हणून भरायची रक्कम, आणि बैठकांच्या जोडीला काढायचे ते दंड. इंग्रजीचं नवल करताना हे विसरून चालणार नाही.

काठावरचा

नवल सोडा, मला हा इंग्रजीचा अव्यवस्थितपणा वाटतो. हजारो शब्द उसने घेतलेली भाषा, मग एकेका शब्दावर सहाशे अर्थांचा भार कशाला? प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द ठेवला असता तर शिकणाऱ्याचा जीव वाचला असता. संस्कृतजन्य भाषांत असा गोंधळ नसतो.

शेवंती

काठावरचा, ‘लागणे’ हे क्रियापद घेऊन बसा आणि मग सांगा.

भूक लागते, आग लागते, ठेच लागते, वेड लागतं. शोध लागतो, निकाल लागतो, नंबर लागतो, लग्न लागतं. डोळा लागला म्हणजे झोप आली. कारलं कडू लागतं. प्रवासाला चार तास लागतात. तो रडायला लागला. मला जावं लागलं. दार लागलं. वाचनात मन लागेना. ती माझी मावशी लागते.

एका परभाषक मैत्रिणीला मी मराठी शिकवत होते. सहाव्या दिवशी तिने वही मिटली आणि विचारलं, तुमच्याकडे दुसरं क्रियापद नाही का? तोपर्यंत मला हे कधी दिसलंच नव्हतं. आपल्या भाषेतला पसारा आपल्याला पसारा वाटत नाही, कारण आपण त्यातच वाढलो.

काठावरचा

मान्य. ‘लागणे’ खरंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी मूळ प्रश्न राहतोच, असं का होतं?

तळटीप

मला समजलेली कारणं लिहिते, क्रमाला काही महत्त्व नाही.

जो शब्द जास्त वापरला जातो त्यालाच जास्त अर्थ फुटतात. अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये हे आकडेमोड करून मांडलं. ‘फोटोसिंथेसिस’ रोज कोणी बोलत नाही, म्हणून तो जसाच्या तसा राहतो. ‘रन’ दिवसातून शंभरदा तोंडात येतो. नवी गोष्ट समोर आली की माणूस नवा शब्द घडवत बसत नाही, हाताशी असलेला शब्द थोडा ताणतो. घड्याळ निघालं तर ते ‘रन’ झालं, संगणकाची आज्ञावली आली तर तीही ‘रन’ झाली. पुढे ताणलेलं तेच नेहमीचं होतं.

इंग्रजीचं स्वतःचं असं कारण म्हणजे तिचे प्रत्यय झडून गेले. आपल्याकडे ‘पाणी’ नाम आहे हे रूपावरून कळतं. त्याचं क्रियापद करायचं तर ‘पाणी घालणे’ असं काहीतरी जोडावं लागतं. इंग्रजीत ‘वॉटर’ नाम म्हणून आहे तसाच उचलून क्रियापदाच्या जागी ठेवला की झाडाला पाणी घातलं गेलं. ‘बुक’, ‘हँड’, ‘फेस’, ‘टेबल’, ‘चेअर’, सगळे असे जागा बदलतात. शब्द काय आहे हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं, तो वाक्यात कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

काठावरचा, ‘प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द’ या तुमच्या सूचनेच्या अगदी उलटा प्रयोग झालेला आहे. ब्रिटिश भाषाभ्यासक सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ म्हणून ८५० शब्दांची छोटी इंग्रजी मांडली. त्यात क्रियापदं फक्त १८. ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गो’, ‘मेक’ अशी. ‘एंटर’ नको, ‘गो इन’ म्हणा. ‘टॉलरेट’ नको, ‘पुट अप विथ’ म्हणा. शब्द कमी झाले खरे, पण प्रत्येकावरचं ओझं वाढलं, आणि माझ्या मते शिकणाऱ्याला ‘पुट अप विथ’पेक्षा ‘टॉलरेट’ कितीतरी सोपा.

जुनाविद्यार्थी

हे शंभर टक्के खरं. ‘पुट ऑफ’ पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ विझवणे, ‘पुट डाउन’ खाली ठेवणे आणि अपमान करणे आणि आजारी जनावराला मरण देणे. ‘पुट’ येतं आणि ‘डाउन’ही येतं, म्हणून ‘पुट डाउन’ येईलच असं नाही.

यंत्रमानव

भाषेवर प्रक्रिया करणाऱ्या प्रणालींवर काम करतो, म्हणून यंत्रांच्या बाजूने लिहितो. हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे.

१९६० मध्ये यंत्र-भाषांतराचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी एक साधं उदाहरण दिलं. लहानगा जॉन खेळण्यांचा खोका शोधत होता. शेवटी सापडला. ‘द बॉक्स वॉज इन द पेन.’ आता ‘पेन’ म्हणजे लेखणी, आणि ‘पेन’ म्हणजे लहान मुलांना खेळायला घातलेलं छोटं कुंपणही. माणसाला क्षणभरही शंका येत नाही, कारण खोका लेखणीत मावत नाही हे त्याला माहीत असतं. पण ही माहिती कोणत्याच शब्दकोशात नाही. ती जगाची माहिती आहे. बार-हिलेल यांचं म्हणणं होतं की यंत्राला हे जमणार नाही, आणि म्हणून माणसाच्या तोडीचं भाषांतर यंत्राकडून होणार नाही.

पुढच्या पिढ्यांनी वेगळी वाट धरली. अर्थांच्या याद्या यंत्रात भरण्याऐवजी प्रचंड मजकूर वाचायला लावून, कोणता शब्द कोणाच्या शेजारी येतो यावरून अर्थाचा अंदाज बांधायचा. ‘बँक’च्या आसपास ‘कर्ज’, ‘व्याज’ असेल तर पेढी, ‘पूर’, ‘गाळ’ असेल तर काठ. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये हेच म्हटलं होतं, की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून.

नानार्थ

यंत्रमानव, हे वाचून राहवलं नाही. फर्थच्या जवळजवळ दीड हजार वर्षं आधी भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या संस्कृत व्याकरणग्रंथात नेमका हा प्रश्न घेतला आहे. शब्दाला अनेक अर्थ असतील तर त्यातला कोणता घ्यायचा, हे कशावरून ठरतं? त्याने कारणांची यादीच दिली आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण वगैरे. ‘हरि’ शब्दाचे विष्णू, सिंह, माकड असे कितीतरी अर्थ. पण ‘शंखचक्रासह हरि’ म्हटलं की विष्णूच. हा संयोग.

प्रकरण म्हणजे प्रसंग, त्याचं जुनं उदाहरण ‘सैंधव आण’. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू प्रदेशातला घोडाही. धनी जेवायला बसलेला असताना नोकराने मीठ आणायचं, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. बार-हिलेलचा खोका आणि हे सैंधव एकाच जातीचे. वाक्याबाहेरचं जग माहीत असल्याशिवाय दोन्ही सुटत नाहीत.

माझं टोपणनावही तिथलंच आहे. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ आहे, फक्त अनेक अर्थांच्या शब्दांसाठी राखलेला. काठावरचा, संस्कृतजन्य भाषांत गोंधळ नसतो म्हणालात ना, आपल्या कोशकारांना त्यासाठी स्वतंत्र वर्ग काढावा लागला होता!

पानगळ

हा प्रतिसाद जपून ठेवते. ‘सैंधव’ माहीतच नव्हतं.

दुसरीओळ

मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. ओघवती, तुम्ही लिहिलंत की दोन्ही अर्थ ठाऊक असूनही चुकलात. त्याच्याशी जवळचा एक प्रयोग आहे. डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये केलेला.

लोकांना वाक्यं ऐकवली. त्यात ‘बग्ज’ हा शब्द होता, ज्याचा एक अर्थ किडे आणि दुसरा चोरून ऐकायची यंत्रं. वाक्यात कोळी, झुरळं वगैरे आधीच आलेली, म्हणजे किडे हाच अर्थ उघड. शब्द कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर एक अक्षरसमूह दाखवायचा आणि तो खरा शब्द आहे का ते विचारायचं. ‘मुंगी’ला लोकांनी झटकन उत्तर दिलं, ते अपेक्षितच. पण ‘हेर’लाही तितकंच झटकन दिलं! म्हणजे संदर्भ स्पष्ट असतानाही मनात दोन्ही अर्थ जागे झाले होते. दोनतीन अक्षरांएवढा वेळ गेल्यावर विचारलं तेव्हा मात्र फक्त मुंगीच जलद उरली.

म्हणजे दोन्ही अर्थ दाराशी येतात आणि नको असलेला परत पाठवला जातो. आपल्याला यातलं काहीच जाणवत नाही. मला वाटतं, तुमच्या बाबतीत ‘मंजुरी’ रोजच्या वापरामुळे इतकी पुढे उभी होती की ‘निर्बंध’ला जागाच मिळाली नाही. हे अज्ञान नव्हे. सवयीचा जोर आहे.

ओघवती

दुसरीओळ, मनापासून आभार. महिनाभर जे टोचत होतं ते तुमच्यामुळे थोडं कमी झालं.

‘सँक्शन’चं मूळ मी नंतर शोधलं. लॅटिन ‘सांकिरे’, म्हणजे पवित्र करून पक्कं ठरवणं. ‘सेंट’ शब्द त्याच मुळातला. कायदा पक्का करणं, म्हणून संमती. तो मोडला तर शिक्षा, म्हणून निर्बंध. एकाच कायद्याच्या दोन बाजू आहेत, हे कळल्यावर आता चूक होणार नाही असं वाटतं.

शेवंती

असे स्वतःच्याच विरुद्ध उभे राहणारे आणखी शब्द आहेत. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूक. ‘डस्ट’ म्हणजे धूळ झटकणे आणि भुकटी भुरभुरवणे. ‘लेफ्ट’ म्हणजे गेला आणि उरला. मराठीत ‘परवा’ बघा, झालेला दिवस आणि येणारा दिवस, दोन्ही. क्रियापद ऐकेपर्यंत कळत नाही.

तळटीप

यात ‘टेबल’ घालायलाच हवा. प्रस्ताव ‘टेबल’ करणे याचा ब्रिटिश अर्थ चर्चेला घेणे, अमेरिकन अर्थ चर्चा बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी एका बैठकीत यावरून बराच वेळ कडाक्याने भांडले, आणि मग लक्षात आलं की दोघांना हवं आहे एकच. चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. आपलं ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ ब्रिटिश वळणाचं आहे, त्यामुळे अमेरिकन मजकूर भाषांतरित करताना जपायला हवं.

जुनाविद्यार्थी

आणि काळाप्रमाणे बदलणारे? जुनं इंग्रजी वाचताना मी ‘नाइस’ला अडखळलो होतो.

नानार्थ

अडखळणारच. ‘नाइस’चं मूळ लॅटिनमधलं ‘न जाणणारा’. इंग्रजीत आला तेव्हा अर्थ ‘मूर्ख’. मग ‘नखरेल’, मग ‘चोखंदळ’, मग ‘काटेकोर’, आणि अठराव्या शतकापासून ‘छान’. मधला अर्थ अजून थोडा जिवंत आहे, ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे बारीक भेद. ‘सिली’ बरोबर उलट चालला, मूळ अर्थ ‘धन्य, भाग्यवान’, पुढे ‘भोळा’, आता ‘खुळा’. ‘मीट’ पूर्वी कोणतंही अन्न होतं, ‘डीअर’ कोणताही प्राणी. जुन्या मजकुरात ओळखीचा शब्द दिसला की मी थांबतो, अनोळखी शब्द दिसला की बिनघोर कोश उघडतो.

काठावरचा

आता मीच एक शब्द आणतो. ‘ऑफ’. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे बंद होतो. गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजायला लागतो. मग तो आपण ‘टर्न ऑफ’ करतो तेव्हा थांबतो. हे कसं जुळवायचं?

नानार्थ

‘ऑफ’चा गाभा ‘पासून दूर’ असा आहे. तिथून दोन दिशा निघाल्या. दिवा चालू अवस्थेपासून दूर गेला, म्हणून विझला. गजर, बंदूक, स्फोटक हे दबा धरून बसलेले असतात, ते त्या स्थिर अवस्थेपासून सुटले, म्हणून वाजले, उडाले. आपलीही बंदूक ‘सुटते’च. म्हणून मी विचारतो, कोण, कशापासून दूर गेलं? उत्तर मिळालं की अर्थ मिळतो.

काठावरचा

‘सुटणे’! हे आता डोक्यातून जाणार नाही. बंदूक सुटते, गाडी सुटते, शाळा सुटते, कोडं सुटतं, पोट सुटतं, वारा सुटतो.

ओघवती

काठावरचा, वहीत ‘लागणे’च्या शेजारी ‘सुटणे’चं पान घालते आहे. आणि ‘गोज ऑफ’पुढे ‘सुटला’ असं लिहून ठेवते, भाषांतरात ‘गजर झाला’ असंच येईल तरीही.

नानार्थ, एक शेवटचं. ‘ऑफ’ आणि षष्ठीचा ‘ऑव्ह’ इतके सारखे दिसतात, तेही भाऊ आहेत का?

नानार्थ

भाऊ नाहीत, एकच माणूस आहे. जुन्या इंग्रजीत दोन्हींना मिळून एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारला की ‘ऑफ’, घाईत उच्चारला की ‘ऑव्ह’. लिहिताना त्यांची पक्की फारकत व्हायला साधारण १६०० साल उजाडलं. तोपर्यंत ‘पासून दूर’ आणि ‘च्या मालकीचा’ या दोन्हींसाठी लोक एकच शब्द लिहीत होते.